दुष्काळातले उपास

काल राखेचा बुधवार होता, कपाळाला राख लागली. नव्या पाद्रीबाबांचा अंगठा तरुण आहे, ते जोरात दाबतात. राखेचे दोनचार कण भुवईवरून डोळ्यात उतरले आणि तसेच डोळे चोळत मी घरी निघाले. कोपऱ्यावरच्या वाण्यानं माझ्याकडे पाहिलं नि म्हणाला, "काय बाई, आमचा शिमगा अजून यायचाय आणि तुमची होळी आधीच विझली?" मी हसले. या पेठेत इतकी वर्षं काढल्यावर असल्या बोलण्याचं काही वाटत नाही. त्यातली माया कळते.

हे दिवस दर साली सारखेच येतात. सावर लाल होते, नागझरीचं पाणी आटून नुसती ओल उरते, दुपारच्या वाऱ्यावर धूळ आणि कुठल्यातरी अंगणात वाळत घातलेल्या मिरचीचा खाट येतो. हिंदूंच्या आळीत गोवऱ्या साठू लागतात आणि आमचे चाळीस दिवसांचे उपास सुरू होतात. तोफखान्यातल्या नव्या पोरांच्या बायका मला विचारतात, "मावशी, तुम्ही काय सोडलंत यंदा? मासळी? गूळ?" मी सांगते, काही नाही. त्यांना वाटतं, म्हातारीची श्रद्धा कमी झाली.

मी या दिवसांत दोन्ही वेळा जेवते. ठरवून जेवते. का, ते आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत आमच्यातही होती. पण आता ते नाहीत, आणि नाव घेतल्याशिवाय हे सांगता यायचं नाही. इनास. श्रीमंतांच्या तोफखान्यात गोलंदाज होते. त्यांचे वडील गोव्याकडून चाकरीला आले आणि इथलेच झाले. इनासना कोकणीपेक्षा पुण्याची मराठी जवळची. हिशेब आणि शिव्या मराठीत, प्रार्थना तेवढी कोकणीत. तोफेच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता. त्या बाजूला बसून काही विचारलं तर उत्तर यायचं नाही. म्हणून मी कायम उजवीकडे बसायची, जेवताना, इगर्जीत, भांडतानाही. इगर्जी म्हणजे आमचं देऊळ. तेव्हा ती मातीच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली एक लांबट खोलीच होती.

आमच्या भिंतीला भिंत लागून सगुणाबाई राहायच्या. जातीनं साळी, नवरा वारलेला, घरात एक माग आणि एक मुलगी. मुलीचं नाव यमुना. पहाटे माग सुरू झाला की आमच्या भिंतीवरच्या फळीवरची भांडी बारीक किणकिणायची आणि मला जाग यायची. यमुना आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायची नाही, आईची तशी ताकीद होती. पण उंबऱ्यात बसून तासन् तास बडबडायची. इनासना इनासकाका म्हणायची. तिचं लग्न ठरलं होतं.

हडपसरच्या माळावर लढाई झाली तेव्हा मी इथे नव्हते. आईचं दुखणं वाढलं म्हणून माहेरी, वाडीला गेले होते. मग वाटा बंद झाल्या. आई गेली. मी परतले तेव्हा उन्हाळा लागला होता आणि श्रीमंत टोपीकरांच्या सोबतीनं परत आले होते. पेठेत जळक्या तुळया अजून रस्त्यात पडलेल्या. आमचं घर मात्र शाबूत. इनासही शाबूत, फक्त माझ्याकडे बघेनात. शेजारचा माग बंद होता. मी विचारलं, "यमुना सासरी गेली का?"

इनास चुलीपुढे बसले होते. लाकूड मागे ओढलं, धूर होऊ दिला, आणि सांगितलं.

लढाई हरल्यावर तोफा टाकून ते माळावरून धावत घरी आले. दाराला अडसर घातला आणि आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागे बसले. शहरात कोण कोणाचा स्वार ते कळत नव्हतं. जो येईल तो लुटत होता. सगुणाबाई विणलेलं लुगडं पोचवायला सदाशिव पेठेत गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. यमुना घरात एकटी. दिवस मावळायच्या सुमाराला तिनं आमचं दार वाजवलं. "इनासकाका, दार उघडा. काका, मी आहे." गल्लीच्या तोंडाशी घोडी आली होती. इनास उठले नाहीत. मग ती मागच्या बाजूला पळाली. दुसऱ्या दिवशी लोकांनी तिला मागच्या आडातून काढलं. पडली की उडी घेतली, कोणी पाहिलं नाही.

मी ते लाकूड परत चुलीत सारलं. मग, माझाच माणूस म्हणून असेल, बोलून गेले, "तुमचा कान... तुम्हाला ऐकू आलं नसेल."

"आलं," इनास म्हणाले. "उजव्या कानानं आलं."

ही पळवाट त्यांना सगळ्यांनी देऊन पाहिली होती. तोफखान्यातले सोबती, शेजारी, सगळे म्हणाले, कान गेलाय बिचाऱ्याचा. त्यांनी ती कोणाकडूनच घेतली नाही. मुलीला आडातून काढलं त्याच दिवशी सगुणाबाईंच्या पुढे उभे राहून सांगून टाकलं होतं की मी आत होतो आणि मला ऐकू येत होतं. त्या बाईंनी नुसतं पाहिलं आणि घरात निघून गेल्या. तेव्हापासून मी परतेपर्यंत एक शब्द नाही.

खोटं बोलले असते तर सुखानं जगले असते, असं माझ्या मनात पुष्कळदा आलं. आजही येतं.

पाद्रीबाबांकडे जाऊन त्यांनी कुमसार केला होता. कुमसार म्हणजे पाद्रीच्या कानात आपलं पाप सांगायचं आणि देवाची क्षमा घ्यायची. जुने पाद्रीबाबा म्हातारे होते, गोव्याचे, दम्यानं बेजार, जिभेला मात्र पुणेरी धार चढलेली. कुमसारात काय झालं ते पाद्री सांगत नसतात. मला इनासनीच सांगितलं. पाद्रीबाबांनी सगळं ऐकून घेतलं, क्षमेचे शब्द उच्चारले आणि थोड्या प्रार्थना म्हणायला सांगितल्या.

"मी विचारलं, एवढंच?" इनास सांगत होते. "तर म्हणाले, एवढंच. अगं, एवढ्यात तर चोरलेली कोंबडी माफ होते."

मग त्यांनी आपलं प्रायश्चित्त आपणच ठरवलं. लुटीच्या धावपळीत इगर्जीची मागची भिंत पडली होती. ती दगडात बांधायची, एकट्यानं, कोणाचा हात लागू न देता. चाकरी सुटली होतीच. सकाळी ओढ्यापलीकडच्या टेकाडावर जायचे आणि एकेक दगड डोक्यावरून आणायचे. घरात धान्य आलं की त्यातलं निम्मं सुपात घालून सगुणाबाईंच्या दारात ठेवायचे. आमच्या हातचं शिजवलेलं त्यांना चालायचं नाही, कोरडा शिधा चालला असता. पण सूप तसंच्या तसं आमच्या दारात परत यायचं. इनास पुन्हा नेऊन ठेवायचे, ते पुन्हा यायचं. शेवटी चिमण्या खायच्या.

त्या साली पाऊस नीट पडलाच नाही. सुरुवातीला लोक आभाळाकडे बघायचे, मग बघायचे थांबले. लुटीनं आधीच कोठारं रिकामी केली होती. हिवाळ्यापासून खेड्यांतली माणसं शहरात येऊ लागली. कात्रजच्या नळाचं पाणी हौदांत उतरायचं तेही बारीक झालं, आणि हौदांभोवती माणसं पडून असायची. पाण्यासाठी आलेली, आणि पाणी मिळाल्यावर उठून जायला जागा नसलेली. चिंचेची झाडं हाताला येईल तिथवर ओरबाडलेली. सगळ्या साळ्यांचे माग बंद पडले, कारण सुताला लावायची खळ पिठाची करतात आणि पीठ कुठे होतं? थोरामोठ्यांच्या दारी सदावर्तं लागली होती. तिथल्या रांगा सकाळी उभ्या असायच्या आणि दुपारी बसलेल्या. मला सगळ्यांत लक्षात राहिलंय ते म्हणजे त्या फाल्गुनात कुत्री भुंकत नव्हती. आधी वाटलं, किती शांत झालंय. मग कारण कळलं.

अशात आमची राख आली. पाद्रीबाबांनी कपाळाला राख लावली आणि वेदीपुढे उभे राहून, धाप लागत लागत सांगितलं, "यंदा कोणी उपास करायचा नाही. ज्याला जे मिळेल ते त्यानं खावं. सगळं शहर उपाशी आहे, त्यात तुमचा उपास देवाला वेगळा ओळखू यायचा नाही."

इनासनी त्या दिवसापासून मिळत होती ती एक वेळची भाकरीही सोडायला घेतली, आधी अर्धी, मग सगळी.

मी भांडले. उजव्या बाजूला बसून भांडले. "मरायचंय का तुम्हाला?" म्हटलं. ते म्हणाले, "मरायचं नाही, फेडायचंय." तिसऱ्या प्रहरी भिंतीपाशी जाऊन मी त्यांना पाणी द्यायची. भिंत कमरेइतकी आली होती. बसवलेला दगड पुन्हा घसरायचा, आणि तो घसरला की ते शांतपणे, जणू हे असंच व्हायला हवं, परत उचलायचे. त्यांना घसरलेलंच बरं वाटत असावं.

एकदा मी तिथे असतानाच पाद्रीबाबा काठी टेकत आले. थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"इनास, ही भिंत देवाला बांधतोस की देवापासून लपायला?"

इनासनी दगड खाली ठेवला. "बाबा, तुम्ही म्हणता माफ झालं. मला फुकटची माफी नको. ती फुकट असेल तर यमुनेची किंमत काय? मी दार उघडलं नाही, पोर गेली, आणि मी चार प्रार्थना म्हणून घरी जाऊन जेवायचं? तिची तेवढीच किंमत?"

पाद्रीबाबांना धाप लागली होती. ते दगडावर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. पण आवाज अगदी खाली आला त्यांचा.

"नाही रे. तिची किंमत इतकी आहे की तू अशा शंभर भिंती बांधल्यास तरी भरायची नाही. तुला काय वाटतं, उरल्या दगडांत भागेल? तुझ्यानं ती कधीच भरली जाणार नव्हती. म्हणून दुसऱ्यानं भरली. क्रुसाच्या लाकडावर हात पसरून भरली. आता तू काय करतोस, तर त्यानं दिलेलं त्याच्या तोंडावर फेकतोस आणि म्हणतोस, थांब, मी माझे दगड आणतो."

इनास वाकले आणि त्यांनी दगड उचलला.

पाद्रीबाबांचं बरोबर होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला इनासचंच बरोबर वाटलं. जो माणूस दुसऱ्याच्या लेकराची एवढी किंमत करतो त्याला चूक कसं म्हणायचं? आज कळतं आणि तरी पुरतं कळत नाही. इनासच्या त्या हट्टात यमुनेविषयीची माया होती आणि एक गर्वही होता, की माझं पाप मोठं आहे, ते मीच उचलीन. या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की एक उपटायला गेलं तर दुसरीही हातात येत होती.

उन्हं तापली तसे त्यांचे पाय सुजले. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. एके सकाळी ते उठले आणि उंबऱ्यात बसकण मारली ती मारलीच. त्यांना आत ओढून मी घोंगडीवर निजवलं. माझ्याही अंगात बळ नव्हतं. ओढताना दोनदा खाली बसले.

त्याच दिवशी दुपारी दारात सावली पडली. सगुणाबाई. हातात मडकं. मी आले त्याला वर्ष होत आलं होतं आणि त्यांनी आमचा उंबरा पहिल्यांदाच ओलांडला. वाळून काटकी झाल्या होत्या. इनासच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या. कुठल्या कानानं ऐकू येतं ते त्यांना ठाऊक होतं.

"आंबील आहे," त्या म्हणाल्या. "सदावर्तातलं पीठ आहे, ताक नाही त्यात. प्या."

इनासनी डोळे उघडले, पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मी तुमच्या दारात धान्य ठेवलं, ते तुम्ही घेतलं नाहीत," ते म्हणाले.

"कशाला घेऊ? पोरीचे पैसे घेऊ?" त्यांचा आवाज कोरडा होता. "तुमच्या सुपानं माझी यमी मोजायची होती का मी? मला तुमच्याकडून काही नकोय. म्हणून आणून देते आहे. तोंड इकडं करा."

"तुम्ही मला माफ केलंत?"

सगुणाबाईंनी मडकं खाली टेकवलं. "रोज सकाळी करते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत करते. आज सकाळची केलेली अजून आहे, तोवर प्या."

मला वाटलं, आता पितील. इनासच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानात गेलं, त्यांनी पुसलंही नाही. पण मान हलवली. "भिंत पुरी होऊ द्या," म्हणाले. "मग पितो. मग तुमच्या हातचं पितो."

सगुणाबाईंनी मडकं माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही तरी घ्या."

नवरा उपाशी असताना मी कशी घेऊ? मीही नाही म्हटलं. सगुणाबाई मडकं उचलून निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "मला दोघींचं रांधायची सवय आहे. एकटीच्या घशाखाली उतरत नाही. उद्या परत आणीन."

त्या रोज आल्या. रोज त्यांनी विचारलं, रोज इनासनी मान हलवली. दर खेपेला मी त्या मडक्यातून येणारा आंबूस वास घ्यायची आणि दोघांचाही राग राग करायची. एकाचा हट्टाबद्दल, दुसरीचा ती तिथे उभी राहू शकते याबद्दल. आणि देवाचा. त्याचा तर सगळ्यांत जास्त.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी पाद्रीबाबा प्रसाद घेऊन घरी आले. प्रसाद म्हणजे मंत्रलेली भाकर, पापडाहून पातळ. आमची श्रद्धा अशी की तो खुद्द ख्रिस्ताचा देह. चालताना त्यांना दम लागला होता, पण उशाशी गुडघे टेकले आणि म्हणाले, "इनास, तोंड उघड. याला काही द्यावं लागत नाही."

इनास पुटपुटले, "अजून मी त्या लायकीचा नाही."

"कोणीच नसतं. मी तरी कुठे आहे? उघड."

त्यांनी ओठ मिटून घेतले. घट्ट मिटले, औषध नको असलेलं लेकरू मिटतं तसे. पाद्रीबाबा किती वेळ तसेच हात पुढे धरून होते. मग तो हात त्यांनी मागे घेतला, आणि माझ्यापुढे न लपवता रडले.

शुक्रवारी आमच्यात घंटा वाजवत नाहीत, त्या दिवशी देव मेलेला असतो. लाकडाच्या फळ्या आपटून लोकांना बोलावतात. टक, टक, टक, असा कोरडा आवाज दुपारच्या उन्हात पेठेवरून येत होता. इनासना तो ऐकू येत होता का, माहीत नाही. त्या आवाजातच ते गेले. तोंडात काही न घेता गेले. भिंत छातीइतकी झाली होती.

शनिवारी त्यांना पुरलं. मी पाद्रीबाबांना विचारलं, "त्यांचं काय होणार?" त्यांनी थोपटलं नाही की गोड काही सांगितलं नाही. म्हणाले, "मला माहीत नाही, पोरी. त्यानं हात पुढे केला नाही, पण देणाऱ्याचा हात केवढा लांब आहे, ते मी मोजलेलं नाही." एवढंच. पुढची सगळी वर्षं मी याच वाक्यावर काढली. काही दिवस ते पुरतं, पुष्कळ दिवस पुरत नाही. इनास कुठे आहेत, हे मला आजही ठाऊक नाही. राखेचा अंगठा कपाळाला लागला की पहिलं तेच मनात येतं, आणि मग दिवसभर दुसरं काही येत नाही.

रविवारी पहाटे घंटा वाजली. येशू उठला म्हणून वाजवतात. मी घोंगडीवर पडून होते, इनासच्याच. उठायचं नाही असं ठरवलं होतं. कोण उठला आणि कोण नाही, याच्याशी मला काही देणंघेणं राहिलं नव्हतं.

सगुणाबाई आल्या. आज त्यांनी विचारलंच नाही. माझ्या डोक्याखाली हात घालून मला बसवलं आणि मडक्याचा काठ ओठाला लावला. गार होती आंबील. आंबट, पातळ, तळाशी थोडं पीठ. मी प्यायले. पहिल्या घोटाला ओकारी आली, त्यांनी पाठीवर हात ठेवला, मी पुन्हा प्यायले. मडकं रिकामं झालं तेव्हा मला हुंदका फुटला, भुकेचा की कशाचा कोण जाणे. मी म्हटलं, "सगुणाबाई, मी तुम्हाला काय देऊ?"

"काय आहे तुमच्याकडं?" त्या म्हणाल्या.

खरंच काही नव्हतं.

"मग उगीच विचारू नका. जा आता तुमच्या देवळात. घंटा केव्हाची वाजतेय, माझं डोकं उठलं."

गेले. का गेले, सांगता येत नाही. कोणीतरी जा म्हणालं म्हणून गेले. आत थोडीच माणसं होती, तीही भिंतीला टेकून बसलेली. मागच्या अर्धवट भिंतीवरून सकाळचं ऊन आत येत होतं. प्रसादाची वेळ झाली तशी माणसं उठून पुढे सरकली. मीही सरकले, आणि मग आठवलं. प्रसाद घ्यायचा तर आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंबही गेलेला चालत नाही. हा नेम सगळ्यांत कडक. तो मोडून प्रसाद घेणं म्हणजे पाप. मी वळणार, तेवढ्यात पाद्रीबाबा माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"बाबा, मी उपाशी नाही," मी म्हटलं. "सगुणाबाईंनी आत्ता आंबील पाजली. मला चालायचं नाही. आणि माझ्या मनात श्रद्धाही नाही. काहीच नाही."

त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या अर्धवट भिंतीकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. मागे उभे असलेले खोळंबले होते.

"तोंड उघड," ते म्हणाले.

मी उघडलं.